नसलेल्या पबचे श्राद्ध

विलायतेतला पब मेला, मरतो आहे किंवा मारला जातो आहे, अशी हळहळ व्यक्त करणारे लेखन हा आता एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानायला हरकत नसावी. त्याचा साचा ठरलेला आहे. बाहेर पावसाची रिपरिप. आत धुराने काळवंडलेल्या तुळया, शेकोटीत कोळसा, शेकोटीपुढे पेंगणारा कुत्रा. हातपंपाने ओढलेली, फारशी थंड नसलेली एल. मालकाला गिऱ्हाइकांची नावे ठाऊक, गिऱ्हाइकांना एकमेकांची दुखणी ठाऊक. थाळीत खुसखुशीत पारीत भाजलेले मांस, नाहीतर पाव, चीज आणि लोणचे यांचे 'प्लाउमन्स लंच'. रविवारी भाजलेले गोमांस आणि त्यावर दाट ग्रेव्ही. एवढे झाले की परिच्छेद बदलतो आणि सुस्कारा येतो: ते सारे गेले. उरले ते मोठ्या पडद्यावरचे फुटबॉल, गोठवलेले पदार्थ तापवून पुढे सरकवणाऱ्या साखळ्या आणि थाळीऐवजी लाकडी फळीवर जेवण वाढणारी शिष्ट भोजनगृहे. इंग्रजी वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत हे वर्षानुवर्षे चालू आहे. वर्ष-दोन वर्षे तिकडे राहून आलेली आपली मंडळीही तोच सुस्कारा मराठीत सोडतात आणि आपण तो भाबडेपणाने वाचतो.

आमचा रोख पबवर नाही, मद्यपानाच्या नीतिशास्त्रावर तर मुळीच नाही. रोख आहे तो या सुस्काऱ्यावर. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. विलायती पबशी आमचे देणेघेणे काय, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे ते स्मरणरंजनाशी. मराठी ललित गद्याचा निम्मा संसार याच भांडवलावर उभा राहिला. वाडा, ओसरी, माजघरातला अंधार, आजीच्या हातचे मेतकूट! या ओसरीवर कोणाला बसू दिले जात होते आणि कोण अंगणाबाहेरच उभे राहत होते, हा प्रश्न दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) आणि त्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी विचारला, तेव्हा तो संसार हादरला. पबच्या ओसरीला मात्र आपण तो प्रश्न अजून विचारलेला नाही. परक्याच्या स्मरणरंजनाला आपण का कोण जाणे, फार सवलत देतो.

या साऱ्या सुस्काऱ्यांचा मूळपुरुष म्हणून ज्याला पुढे केले जाते, त्या जॉर्ज ऑर्वेलपासूनच सुरुवात करू. ९ फेब्रुवारी १९४६ रोजी लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये त्याचा 'द मून अंडर वॉटर' हा छोटेखानी निबंध प्रसिद्ध झाला. निबंधाला नाव आहे ते त्यातल्या पबचेच. बसथांब्यापासून दोन मिनिटांवर, एका आडगल्लीत तो आहे. म्हणून दंगेखोर दारुड्यांची पावले तिकडे वळत नाहीत. सजावट अस्सल व्हिक्टोरियन: नक्षीदार आरसे, ओतीव लोखंडाच्या शेकोट्या, तंबाखूच्या धुराने पिवळे पडलेले छत. रेडिओ नाही, पियानो नाही. दोन माणसांना निवांत बोलता यावे इतकी शांतता. चिनी मातीचे गुलाबी मग. मागे झाडांची बाग, तिथे मुलांसाठी झोके. एवढे रंगवून झाल्यावर ऑर्वेल सांगतो की असा पब मुळी अस्तित्वातच नाही. दहापैकी आठ गुण जुळणारा एक त्याला माहीत आहे. परंतु दहाच्या दहा जुळणारा कोठेच नाही.

सुस्कारा सोडणारे नेमके हे वाक्य गाळतात. ज्या पबचे गतवैभव म्हणून वर्णन केले जाते, तो त्याच्या वर्णनकाराच्या हयातीतही नव्हता, ही गोष्ट आमच्या मते साधी तपशिलाची नाही. १९४६ साल ध्यानात घ्या. युद्ध संपलेले, पण शिधापत्रिका चालू. युद्धकाळात जी वेळ आली नव्हती ती त्या वर्षीच्या जुलैत आली आणि पावावरही शिधावाटप लागू झाले. अशा टंचाईत लिहिलेल्या या मजकुराचा काळ व्याकरणाच्या भाषेत भूतकाळ नव्हेच. तो विध्यर्थ आहे. असा पब असावा, असे तो म्हणतो. बागेचा परिच्छेद तर सरळसरळ वादाचा आहे: मुलांना आणि पर्यायाने आयांना पबबाहेर ठेवणाऱ्या कायद्यामुळे, ज्या जागी सबंध कुटुंबाने यावे, ती नुसती ढोसण्याची जागा झाली, अशी त्याची तक्रार आहे. म्हणजे रूढ पबवर टीका करण्यासाठी लिहिलेला निबंध आज रूढ पबच्या आरतीसाठी वापरला जातो. वाङ्मयाच्या इतिहासात असे अपहरण नवे नाही. पण इतक्या राजरोसपणे क्वचितच झाले असेल. १९७९ साली सुरू झालेल्या वेदरस्पून या साखळीने आपल्या अनेक पबना 'मून' हा शब्द असलेली नावे दिली, त्यांपैकी काहींना तर थेट ऑर्वेलच्या पबचेच. नसलेला पब एक आणि त्याच्या शाखा अनेक.

आता त्याच निबंधातले खाणे पाहा. 'पारंपरिक पबमधले जेवण' म्हणून ज्याची वर्णने करताना लेखकांच्या तोंडाला पाणी सुटते, त्यातले ऑर्वेलच्या स्वप्नातल्या पबमध्ये काय आहे? लिव्हर-सॉसेजची सँडविचे, शिंपले, चीज, लोणचे आणि शहाजिऱ्याची मोठी बिस्किटे. वरच्या मजल्यावर दुपारी तीनेक शिलिंगांत भाजलेल्या मांसाचा काप, दोन भाज्या आणि जॅमचा उकडलेला रोल. रात्रीचे जेवण? ते तिथे मिळतच नाही. सारे स्वातंत्र्य असलेल्या कल्पनेतही ऑर्वेलला पबचे भोजनगृह करावेसे वाटले नाही. कारण उघड आहे. प्रवाशांना जेवू घालणारी सराई वेगळी, शहरी श्रीमंतांची टॅव्हर्न वेगळी आणि पब, म्हणजे मूळचे एलघर, वेगळे. पहिल्या दोहोंच्या पानातले वैभव तिसऱ्याच्या खाती जमा करून मग ते हरवल्याबद्दल रडणे, याला काय म्हणावे?

'प्लाउमन्स लंच'ची कथा तर कोणत्याही वाङ्मयवर्गात शिकवावी अशी आहे. नाव उच्चारताच डोळ्यांसमोर नांगर धरलेला शेतकरी उभा राहतो. बांधावर बसून तो फडके सोडतो आहे. शेतावर पाव आणि चीज खाणारी माणसे इंग्लंडमध्ये शतकानुशतके होती यात शंका नाही. पण या नावाने, या थाटात, लोणच्याच्या गोळ्यासह पबच्या पाटीवर लिहिला जाणारा पदार्थ ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली जाहिरातमोहीम आहे. युद्धकालीन शिधावाटप १९५४ साली पूर्णतः संपले; लोकांना पुन्हा चीज खायला लावणे हे चीज-उत्पादकांचे काम होते. पन्नासच्या दशकात त्यांच्या चीज ब्युरोने आणि साठच्या दशकात मिल्क मार्केटिंग बोर्डाने ही थाळी पबमधून लोकप्रिय केली. नांगऱ्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

इयान मॅकइवनने पटकथा लिहिलेला आणि रिचर्ड आयरने दिग्दर्शित केलेला 'द प्लाउमन्स लंच' हा चित्रपट १९८३ साली आला. त्याचा नायक एक पत्रकार. १९५६ च्या सुएझ प्रकरणावर तो पुस्तक लिहितो आहे; इंग्लंड तेव्हा नुकतेच फॉकलंडच्या विजयाने फुशारलेले आहे आणि नायक त्या वाऱ्याला सोयीचा इतिहास रचू पाहतो आहे. चित्रपटाचे नाव पबमधल्या एका थाळीवरून का, हे त्या काळातल्या प्रेक्षकाला सांगावे लागले नसावे. ज्यांनी भूतकाळ विकायला काढला त्यांनी तो लोणच्यासकट विकला, एवढेच.

लोणच्यावरून आठवले. या थाळीतले ब्रॅन्स्टन पिकल १९२२ साली बर्टन-अपॉन-ट्रेंटजवळच्या ब्रॅन्स्टन गावी प्रथम तयार झाले. इंग्रजांच्या या आंबटगोड, फोडींच्या लोणच्यांची वंशावळ शोधत मागे गेले, तर ती ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून चटण्या आणि लोणची घेऊन परतलेल्या साहेबांपर्यंत पोचते. अठराव्या शतकातल्या इंग्रजी पाकपुस्तकांत 'इंडियन पिकल' या नावानेच कृती आढळते. ज्या बर्टनच्या शेजारी हे लोणचे जन्मले, त्या बर्टनचे कारखानदार आधीच्या शतकात कलकत्त्याला आणि मुंबईला पेल एल पाठवून गबर झाले होते. 'इंडिया पेल एल' हे नाव आजही बाटल्यांवर आहे. तेव्हा अस्सल इंग्रजी मातीतली म्हणून जी थाळी आपल्यापुढे ठेवली जाते, तिच्या लोणच्यात आणि शेजारच्या पेल्यात आपलेच काही मुरलेले आहे. हे अभिमानाने सांगण्यासारखे नाही, कारण त्या व्यापारात आपल्या वाट्याला काय आले हे आपण जाणतो. पण अस्सलपणाचा दावा करणाऱ्यांनी ते लपवू नये.

बाकीच्या पदार्थांची जन्मतारीख थोडक्यात सांगता येईल. पबच्या गल्ल्यामागे लटकणारी बटाट्याच्या कापांची पाकिटे फ्रँक स्मिथने १९२० पासून लंडनमध्ये विकायला आणली, पुढे त्यांत मिठाची निळी पुडीही आली. टोपलीतले कोंबडीचे तुकडे आणि टोपलीतली स्कॅम्पी ही साठ-सत्तरच्या दशकांची देणगी. तळलेला मासा आणि चिप्स हा पदार्थ पबचा नव्हेच, तो वेगळ्या दुकानातला. पबने तो फार उशिरा उचलला. आणि ज्याच्या नावाने सारे बोटे मोडतात तो गॅस्ट्रोपब १९९१ साली फॅरिंग्डन रोडवरच्या 'द ईगल'पासून सुरू झाला असे मानतात. मात्र पबमध्ये मनापासून शिजवलेले ताजे अन्न मिळावे ही अपेक्षा सर्वदूर पोचवली ती याच बदनाम प्रकाराने. डिसेंबर २०२० मध्ये साथीच्या नियमांनुसार पबमध्ये 'भरपेट जेवणा'बरोबरच मद्य देता येईल असे ठरले, तेव्हा उकडलेल्या अंड्याभोवती खिमा थापून तळलेले एक स्कॉच एग हे भरपेट जेवण होते काय, यावर ब्रिटनच्या मंत्र्यांना जाहीर मते द्यावी लागली. पबमधले जेवण म्हणजे काय, याची व्याख्या कोणापाशीच नव्हती, हे त्या आठवड्यात सिद्ध झाले.

रेमंड विल्यम्सने 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात हरवलेल्या खेड्याचा असाच माग काढला आहे. प्रत्येक पिढी म्हणते, खरे खेडे आमच्या बालपणी होते. म्हणून मागे जावे, तर ती पिढीही तेच म्हणत असते. हा सरकता जिना आपल्याला थेट ईडनच्या बागेपर्यंत नेतो. पबला हीच कसोटी लावा. आजचे लेखक ऐंशीच्या दशकातल्या पबसाठी हळहळतात. १९७१ साली खऱ्या एलसाठी चळवळ उभारणारे तरुण साठच्या दशकातल्या पिंपातल्या फसफसत्या बिअरला शिव्या देत होते. ऑर्वेलला १९४६ मध्ये नीट पब सापडत नव्हता. चेस्टरटनने १९१४ च्या 'द फ्लाइंग इन'मध्ये पब नाहीसे झालेला इंग्लंडच कल्पिला. डिकन्सचे 'पिक्विक पेपर्स' १८३६-३७ मध्ये प्रसिद्ध होत होते तेव्हा आगगाडी येऊन ठेपली होती आणि घोडागाड्यांच्या त्याच्या गुबगुबीत सरायांचे दिवस भरत आले होते. जिना खाली उतरतोच आहे, आणि पायरीपायरीवर कोणीतरी शिळ्या कढीला ऊत आणत बसले आहे.

खाण्याचे खोटे एकवेळ सोसवते; 'वातावरणा'चे खोटे अधिक घातक. 'सारे गावच तिथे एकत्र येई', हे या लेखनातले सर्वांत लाडके वाक्य. वस्तुतः जुन्या पबची रचना एकत्र येऊ न देण्यासाठी केलेली होती. पब्लिक बार वेगळा, सलून बार वेगळा, खासगी बार वेगळा, घरी नेण्यासाठी जग भरून देणारी खिडकी वेगळी; दारेही वेगळी. व्हिक्टोरियन पबमध्ये डोळ्यांच्या उंचीवर नक्षीदार काचेची फिरती झडप बसवत. तिचे नावच 'स्नॉब स्क्रीन'. पलीकडच्या कष्टकऱ्याला आणि खुद्द नोकरालाही आपला चेहरा न दाखवता प्रतिष्ठिताला पेला घेता यावा, हा तिचा उपयोग. आज ज्या थोड्या पबमध्ये ती उरली आहे, तिथे पर्यटक तिची छायाचित्रे घेतात. मास ऑब्झर्व्हेशन या संस्थेच्या निरीक्षकांनी तिसाच्या दशकाच्या अखेरीस बोल्टनमधल्या पबमध्ये बसून टिपणे घेतली. ती 'द पब अँड द पीपल' या नावाने १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दिसते की उभ्याने पिण्याच्या 'व्हॉल्ट'मध्ये स्त्रियांना मज्जाव, आणि बसायच्या खोलीत तीच बिअर एका पेनीने महाग. एकाच छपराखाली एकाच पिंपातली बिअर दोन भावांनी विकणाऱ्या जागेला समाजाचे दिवाणखाने म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणावे. ऑर्वेलही येथे सुटत नाही. त्याच्या स्वप्नातल्या पबमध्येही पब्लिक, सलून आणि स्त्रियांचा असे बार वेगवेगळेच आहेत आणि त्याबद्दल त्याला काही खटकलेले नाही.

स्त्रियांची गोष्ट तर अगदी अलीकडची आहे. फ्लीट स्ट्रीटवरच्या 'एल व्हिनो' या पत्रकार-वकिलांच्या मद्यगृहात स्त्रियांना गल्ल्याशी उभे राहून पेला मागता येत नसे. त्यांनी मागच्या खोलीत जाऊन बसायचे आणि वाढण्याची वाट पाहायची. दोन स्त्रियांनी खटला भरला, आणि १९८२ साली अपील न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरवला. ज्यांच्या सुस्काऱ्यात ऐंशीच्या दशकापूर्वीचा पब सोनेरी असतो, त्यांनी तो सोनेरीपणा कोणत्या खोलीत बसून पाहिला, हे सांगावे.

ज्यांनी पब खरोखर आतून पाहिला त्यांच्या लेखनात हे सोने दिसत नाही. एलियटच्या 'द वेस्ट लँड'मधला (१९२२) पब आठवा. आपल्याकडे त्या काव्याच्या अखेरीस येणाऱ्या उपनिषदातल्या शब्दांवर पानेच्या पाने लिहिली जातात. दुसऱ्या भागातल्या पबची मात्र दोन ओळींत बोळवण होते. तिथे एक बाई दुसरीची, लिलची, कथा सांगते आहे: पडलेले दात, गर्भ पाडण्यासाठी घेतलेल्या गोळ्या, लष्करातून परतणारा नवरा. मधूनमधून पब बंद होत असल्याची आरोळी. गाइडे सांगतात, ही काळाची हाक, मृत्यूची हाक. ठीक आहे. पण ती हाक पहिल्या महायुद्धात, दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार वेळेवर आणि शुद्धीवर यावेत म्हणून लादलेल्या वेळांचीही हाक आहे. त्यातली दुपारची सक्तीची सुट्टी इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकली. पॅट्रिक हॅमिल्टनच्या 'हँगओव्हर स्क्वेअर'मधले (१९४१) अर्ल्स कोर्टचे पब तर एकटेपणाची कोठारे आहेत. तिथे माणसे एकमेकांना नावाने ओळखतात ते एकमेकांच्या पैशाने पिता यावे म्हणून. या दोन्ही कृती अभ्यासक्रमांत कोठे ना कोठे असतातच. तरीही पब म्हटले की शेकोटीपुढचा कुत्राच आठवतो; याचा दोष आम्हा शिकवणाऱ्यांच्या जातीकडेही जातो.

आणि दाराबाहेर कोण होते? ऑर्वेलच्या पहिल्या कादंबरीकडे, 'बर्मीज डेज'कडे (१९३४) वळावे लागते. बिहारमधल्या मोतीहारीला १९०३ साली जन्मलेल्या आणि ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी असलेल्या या लेखकाने युरोपियनांच्या क्लबचे जे चित्र काढले आहे, त्याचे सारे कथानक एका प्रश्नाभोवती फिरते: क्लबात एका एतद्देशीयाला सभासद करून घ्यायचे की नाही? थंड पेले, शिळी मासिके, तेच ते विनोद, आणि दारावर ही झटापट. वसाहतीतल्या मद्यगृहाचे दार ज्याने इतके नेमके पाहिले, त्याला मायदेशातल्या पबच्या दारावरही कधी हाच प्रश्न येईल हे दिसण्याचे कारण १९४६ मध्ये नव्हते. तो प्रश्न यायला फार वर्षे लागली नाहीत.

बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेथिक गावच्या ओतशाळांत पंजाबातून आलेली माणसे राबत होती. १९६४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत इथला मजूर पक्षाचा मातब्बर उमेदवार पॅट्रिक गॉर्डन वॉकर उघड वर्णद्वेषी प्रचारापुढे पडला. इथल्या पबमध्ये काळ्या आणि आशियाई गिऱ्हाइकांना एकतर प्रवेश नसे, नाहीतर सलूनऐवजी पब्लिक बारकडे बोट दाखवले जाई. पबमधल्या त्या प्रेमळ भिंतींचा हा नवा उपयोग! अवतारसिंग जोहल यांच्या नेतृत्वाखाली इंडियन वर्कर्स असोसिएशनने यावर शोधलेली युक्ती साधी होती. आधी गोरे विद्यार्थी आत जात आणि पेला घेत. मागोमाग भारतीय कामगार जात आणि नकार घेत. मग परवाना नूतनीकरणाच्या वेळी हा पुरावा मांडला जाई. फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम एक्स स्मेथिकला आला, तोही तिथल्या 'ब्लू गेट्स' पबमध्ये गेला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याची हत्या झाली. १९६४ मध्ये ब्रिस्टलच्या 'बे हॉर्स'मध्ये पॉल स्टीफन्सन हा कृष्णवर्णीय कार्यकर्ता पेला मिळेपर्यंत उठायला तयार झाला नाही, म्हणून त्याला अटक झाली. असल्या घटनांच्या पार्श्वभूमीवर १९६५ चा वंशसंबंध कायदा आला आणि पबमध्ये वर्णावरून नकार देणे बेकायदा ठरले. 'सारे गाव' तिथे एकत्र येऊ शकते, हे असे कायद्याने, खटल्यांनी आणि अटकांनी ठरवून घ्यावे लागले. स्मरणरंजनाच्या लेखांत यातले एक अक्षर नसते.

पब बंद पडत आहेत हे मात्र खरे आहे. १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सत्तर हजारांच्या जवळपास पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. सुस्काऱ्यांचा आम्हाला खरा राग येतो तो इथे, कारण या हानीचे कारण ते नेहमी वातावरणात शोधतात. २००७ ची धूम्रपानबंदी, हिरवे सॅलड, तरुणांची अभिरुची, मद्य न पिणारे नवे शेजारी! यांतल्या काहींचा वाटा असेलही. सुपरमार्केटमधल्या स्वस्त बिअरचा आणि करांचाही आहे. पण मालकीच्या कागदाकडे कोणी पाहत नाही. पूर्वी मोठ्या मद्य-कारखानदारांकडे हजारो पब असत. चालवणाऱ्याने त्यांचीच बिअर त्यांच्याच भावाने घ्यायची, असे बंधन असे. १९८९ च्या सरकारी आदेशाने दोन हजारांहून अधिक पब बाळगणाऱ्या कारखानदारांवर मर्यादा घातली. पब मोकळे होतील असे वाटले होते. झाले असे की ते बिअर न गाळणाऱ्या, केवळ पबची मालकी असणाऱ्या कंपन्यांच्या हाती गेले. या कंपन्यांनी कर्जे काढून पब घेतले आणि त्या कर्जाचा भार भाड्यातून आणि बांधील बिअरच्या चढ्या भावातून चालवणाऱ्याच्या डोक्यावर टाकला. कारखानदाराला निदान बिअर खपायला हवी असे. या नव्या धन्याला जमिनीचा भावही चालत होता. पबपेक्षा त्या जागेवरच्या सदनिका महाग, हे गणित कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

स्टॅफर्डशरमधला 'क्रुकेड हाउस' हा अठराव्या शतकातल्या इमारतीतला पब खाणींमुळे जमीन खचून कलला होता आणि त्या तिरपेपणासाठी प्रसिद्ध होता. तो २०२३ च्या उन्हाळ्यात विकला गेला. ५ ऑगस्टला आगीत भस्मसात झाला आणि ७ ऑगस्टला परवानगीविना जमीनदोस्त करण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्थानिक कौन्सिलने तो पुन्हा बांधून देण्याचा आदेश काढला. त्या दिवसांत जेवढे मृत्युलेख आले, त्यांतल्या किती जणांनी आपल्या कोपऱ्यावरचा, सरळ उभा असलेला, अप्रसिद्ध पब कोणाच्या नावे आहे याची चौकशी केली असेल?

काहींनी ती केली, म्हणून हा विषय निव्वळ रडगाण्याचा नाही. खऱ्या एलसाठीची ती १९७१ ची चळवळ स्मरणरंजनातूनच जन्मली होती, शिवाय आयर्लंडमध्ये सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांच्या गप्पांतून. पण त्यांनी सुस्कारे सोडले नाहीत. सभासद नोंदवले, याद्या केल्या, कारखानदारांना भंडावून सोडले. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावकऱ्यांनी २००३ मध्ये आपला 'ओल्ड क्राउन' सहकारी तत्त्वावर विकत घेतला. लंडनमधल्या नन्हेडच्या रहिवाशांनी 'आयव्ही हाउस' हा पब २०११ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याचा आधार घेऊन बिल्डरच्या तावडीतून सोडवला आणि २०१३ मध्ये आपल्या मालकीने उघडला. सहकाराच्या या गोष्टी ज्या मराठी वाचकाला सर्वांत लवकर कळाव्यात, त्याला आपले लेखक सांगतात काय, तर शेकोटी आणि कुत्रा.

पुण्या-मुंबईच्या मॉलमधल्या 'ब्रिटिश पब'बद्दल चार ओळी लिहाव्यात असे मनात होते. लाल टेलिफोन खोका, प्लायवुडच्या तुळया, वातानुकूलन पूर्ण सोडून पेटवलेली खोटी शेकोटी. पण त्यांना दोष देण्यात हशील नाही. मूळच बनावट असल्यावर प्रतीवर चिडून काय उपयोग?

ज्यांना दारातून परत पाठवले गेले, त्यांनी पुढे काय केले, ते सांगायचे राहिले. ओतशाळा बंद पडल्या, गोरे गिऱ्हाईक उपनगरांकडे सरकले, आणि वेस्ट मिडलंड्समधले ओस पडलेले पब पंजाबी माणसांनी चालवायला घेतले. आज त्यांना 'देसी पब' म्हणतात; डेव्हिड जेसुदासन यांचे त्यांच्यावरचे पुस्तक २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि प्रसिद्ध केले ते त्याच एलवाल्या चळवळीच्या प्रकाशनाने. साउथॉलचा आता बंद झालेला 'ग्लासी जंक्शन' तर पेल्याचे पैसे रुपयांतही घेत असे. ऑर्वेल आपला निबंध संपवताना वाचकांना विनवतो की असा पब कोणाला आढळलाच तर जरूर कळवा, मग त्याचे नाव 'रेड लायन'सारखे नीरस असले तरी चालेल. वेस्ट ब्रॉमिचमध्ये एक 'रेड लायन' आहे. तिथे रंगीत काचांची तावदाने आहेत, व्हिक्टोरियन पबमध्ये असत तशीच. फक्त त्यांवर पंजाबातून ओतशाळांपर्यंत आलेल्या माणसांची चित्रे आहेत. जेवणाच्या वेळी तापलेल्या तव्यावर चुरचुरत मिक्स ग्रिल येते, आणि ते खायला गोरी, काळी, सावळी कुटुंबे मुलाबाळांसह एकाच खोलीत बसलेली असतात.